वृद्धांची नोंद वाचणार कोण?

आरोग्याच्या नोंदी डिजिटल झाल्या की म्हाताऱ्या माणसांची दवाखान्या-दवाखान्यांतली फरफट थांबेल, हे आता जवळजवळ सर्वांनी मान्य करून टाकले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी 'आभा' क्रमांक सत्तर कोटींहून अधिक लोकांच्या नावावर निघाले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांसाठी, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, 'वय वंदना' कार्ड आले. आता राहिले काय, तर खेड्यांतली रेंज, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि 'वयस्कर माणसांना मोबाइल जमत नाही' ही अडचण. तेवढी दूर झाली की काम फत्ते, असा एकूण सूर असतो.

हे निदान मला उथळ वाटते. अडथळा तंत्राचा नाही आणि वृद्धांच्या अडाणीपणाचा तर मुळीच नाही. वृद्धांची काळजी खऱ्या अर्थाने घेतली जाते ती घरात, वस्तीत आणि उपकेंद्रावर. तिथल्या माणसांनी नोंद लिहायची आणि वाचायची मात्र दुसऱ्याच कुणी, अशी रचना आपण उभी केली आहे. जी नोंद लिहिणाऱ्याच्या हातात पुन्हा येत नाही, जिच्यामुळे पुढच्या भेटीत काय करायचे हे बदलत नाही, ती कितीही इलेक्ट्रॉनिक असली तरी काळजीच्या कामाची नाही. म्हणून माझे म्हणणे असे: वृद्धांची इलेक्ट्रॉनिक नोंद रुग्णालयातून खाली झिरपत येऊ नये, ती घरातून सुरू व्हावी आणि रुग्णालयाने तिच्यात भर घालावी. हा क्रम उलटा राहिला, तर पुढची वीस वर्षे आपण कार्डांची संख्याच मोजत बसू.

१. वार्धक्य रुग्णालयाच्या चौकटीत मावत नाही

रुग्णालयाची नोंद एका घटनेभोवती फिरते. रुग्ण दाखल झाला, निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, बिल झाले, डिस्चार्ज कार्ड मिळाले. तरुण माणसाच्या अपेंडिक्ससाठी ही चौकट पुरेशी आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईसाठी ती अपुरी पडते, कारण तिचे दुखणे घटनेसारखे येत नाही. रक्तदाब, साखर, गुडघे, एका डोळ्यातला मोतीबिंदू, रात्री तीन वेळा लघवीला उठणे, नवरा गेल्यापासून एक वेळच जेवणे, हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. त्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र कोड देता येईल, पण त्या कोडांच्या बेरजेतून ती बाई उद्या स्वतःची अंघोळ स्वतः करू शकेल का, याचे उत्तर मिळत नाही.

आणि वृद्धांच्या बाबतीत तोच प्रश्न कळीचा आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये 'लासी' या दीर्घकालीन सर्वेक्षणाची पहिली फेरी केली. त्यात पंचेचाळीस वर्षांवरील लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण होते, त्यांपैकी ३१ हजारांहून अधिक साठीच्या पुढचे. अंघोळ, कपडे, जेवण, चालणे, अंथरुणातून उठणे, संडासला जाणे अशा रोजच्या कामांपैकी किमान एकात अडचण येणाऱ्या वृद्धांचे प्रमाण त्यात सुमारे एक चतुर्थांश निघाले. म्हणजे ज्या माहितीवर काळजीचा आराखडा बेतायचा, ती निदानाच्या रकान्यात सापडतच नाही.

खुब्याचे हाड मोडल्याची रुग्णालयातली नोंद पडल्याच्या दिवशी सुरू होते. घरातली नोंद असती तर ती सहा महिने आधी सुरू झाली असती: मोरीत जाताना आजी भिंतीचा आधार घेऊ लागल्या, रात्री एकदा चक्कर आली, झोपेची गोळी चालू झाली. हाड मोडणे टाळण्याची संधी या तीन ओळींत होती. त्या ओळी घरातल्या सुनेला ठाऊक होत्या, कदाचित घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीलाही. लिहिलेल्या मात्र कुठेच नव्हत्या.

२. प्रश्न विचारले जातात, उत्तरे वर निघून जातात

इथे कुणी म्हणेल की हे सगळे विचारायची व्यवस्था सरकारकडे आहेच. आहे, आणि ती चांगली आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जो 'सीबॅक' फॉर्म भरते, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचालींवर मर्यादा आणणारे अपंगत्व आहे का? जेवण, कपडे, अंघोळ, चालणे, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते का? वृद्धशास्त्राच्या डॉक्टरांनाही हेच जाणून घ्यायचे असते. तिथवर जाणारे चार साधे प्रश्न, साध्या भाषेत, थेट उंबरठ्यावर विचारले जातात. देशाच्या आरोग्यव्यवस्थेत वृद्धांसाठी यापेक्षा मोलाची माहिती दुसरीकडे गोळा होत असेल असे मला वाटत नाही.

पण या उत्तरांचे पुढे काय होते? ती पोर्टलवर चढतात. किती फॉर्म भरले, किती तपासण्या झाल्या, किती रुग्ण 'सापडले' याची टक्केवारी तालुक्याला आणि जिल्ह्याला दिसते. आढावा बैठकीत उद्दिष्टाची विचारणा होते. तोल जातो असे सांगणाऱ्या आजोबांकडे पुढच्या महिन्यात जाताना मात्र आशाताईंच्या हातात मागचे उत्तर नसते. आजोबांचे चालणे सुधारले की बिघडले, हे पाहायला मागची नोंद शेजारी लागते. ती नसेल तर प्रत्येक भेट पहिली भेट ठरते. रक्तदाब आणि साखर यांचा पाठपुरावा तरी थोडाफार होतो, कारण त्यांच्यासाठी गोळी आहे आणि आकडा आहे. तोल आणि विसर यांना अहवालात रकाना आहे, पण त्यांच्यामागून जाणारे कुणी नाही.

याच व्यवस्थेने गरोदर बाई आणि बाळ यांच्यासाठी वेगळे करून दाखवले आहे. माता-बाल संरक्षण कार्ड घरात राहते. आई ते सांभाळते, एएनएम परिचारिका त्यात लिहिते, बाळाच्या वजनाची रेघ वर चालली आहे की खाली, हे दोघींना एकाच वेळी दिसते. डॉक्टर बदलला, माहेरी गेली, तरी कार्ड सोबत जाते. वृद्धांसाठी असे काहीच नाही.

गडचिरोलीचा दाखला तर आपल्या घरचा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचे, ठरलेल्या खुणा पाहायच्या, लिहायच्या आणि त्या लिखाणावरून तिथल्या तिथे ठरवायचे की बाळाला जंतुसंसर्ग आहे का, उपचार सुरू करायचे का. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या या कामात नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते, आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बालसेवा हा आशांच्या राष्ट्रीय कामाचाच भाग झाला. या यशात औषधांचा आणि प्रशिक्षणाचा वाटा आहेच. पण मला त्यातली नोंदीची जागा महत्त्वाची वाटते. लिहिणारी आणि निर्णय घेणारी बाई एकच होती, म्हणून कागद कामाचा झाला. वृद्धांच्या घरी जाणाऱ्या त्याच आशेला आपण फक्त लिहायला सांगतो.

३. पहिली नोंद गोळ्यांची

इलेक्ट्रॉनिक नोंदीने वृद्धांसाठी सर्वांत आधी काय करावे असे विचारले, तर माझे उत्तर एकच आहे: हा माणूस आज कोणकोणत्या गोळ्या खरोखर खातो, याची एक खरी, चालू यादी ठेवावी. बाकी सगळे नंतर.

कुठल्याही घरातली गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहावी. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी टेल्मिसार्टन एका ब्रँडने लिहिलेले असते, गावातल्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या ब्रँडने. नावे वेगळी, रंग वेगळे. आजी इमानेइतबारे दोन्ही घेतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपीनची पट्टी मिळालेली असते, तीही 'बीपीचीच'. मेडिकलवाल्याने पंधरा दिवसांच्या गोळ्या मोजून पट्टी कापून दिलेली, त्यामुळे हातात आलेल्या तुकड्यावर कधी अर्धे नाव असते, कधी नुसती तारीख. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय आलेले. शेजारणीला लागू पडली म्हणून आणलेली झोपेची गोळी. आणि तळाशी मागच्या वर्षीच्या डिस्चार्जची पित्ताची गोळी, जी बंद करा असे कुणी सांगितलेच नाही.

यातले प्रत्येक औषध एकेकटे पाहिले तर बरोबर आहे, घात होतो तो एकत्र येण्यात. रक्तदाबाची दुहेरी गोळी घेऊन माणूस अंथरुणातून झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर झोपेच्या गोळीची गुंगी, की पडणे आले. वेदनाशामक सतत चालू राहिले तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि वाढलेल्या रक्तदाबासाठी आणखी एक गोळी लिहिली जाते. साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या आजोबांनी एकादशीचा कडक उपवास धरला पण गोळी मात्र चुकवली नाही, तर दुपारपर्यंत साखर इतकी खाली येते की घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, वयामुळे भ्रम झाला. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत किंवा जपून द्यावीत याची यादी अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्येच पुढे आणली, आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. ज्ञान पस्तीस वर्षे जुने आहे. वापरायला मात्र आधी पिशवीतले सारे एका जागी दिसायला हवे.

संगणक इथे कागदाहून सरस आहे, यात मला शंका नाही. दोन ब्रँडांमागचे एकच औषध तो क्षणात ओळखतो, एकमेकांशी न पटणारी औषधे दाखवतो. पण त्याला चिठ्ठ्या दाखवून भागत नाही. चिठ्ठीत लिहिलेले आणि पोटात गेलेले यांत अंतर असते, आणि ते अंतर फक्त घरी बसून, पट्ट्या हातात घेऊन, 'ही कधी घेता?' असे विचारून कळते. हे काम समुदाय आरोग्य अधिकारी, एएनएम किंवा आशाताईच करू शकतात. सुपरस्पेशालिटी रुग्णालय त्यांच्या यादीचे वाचक असले पाहिजे. आज ते यादीचे एकमेव लेखक आहे.

४. बाहेरच्या दोन वाटा

अमेरिकेने २००९ मध्ये 'हायटेक' कायदा करून इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रचंड पैसा ओतला. रुग्णालये आणि डॉक्टर यांना प्रोत्साहनाची रक्कम मिळाली. नर्सिंग होम आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्था त्या रकमेला पात्रच नव्हत्या. परिणाम व्हायचा तोच झाला. रुग्णालये झपाट्याने डिजिटल झाली, आणि म्हातारा माणूस डिस्चार्ज होऊन जिथे जातो तिथे फॅक्सचे कागद चालू राहिले. पैसा कमी पडल्याचे हे उदाहरण नाही. वृद्धाची काळजी कुठे होते, हे रचना करताना डोळ्यांपुढे नव्हते.

नेदरलँड्समध्ये २००६ साली योस दे ब्लोक या परिचारकाने 'ब्यूर्टझोर्ख' ही वस्तीपातळीवरची शुश्रूषा संस्था काढली. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट, त्याच्यावर साहेब नाही, आणि हाताशी परिचारिकांच्या कामाला बेतलेली संगणकीय नोंद. या नोंदीचा सांगाडा 'ओमाहा' पद्धतीचा आहे, जी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातील गृहशुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कामातून तयार झाली. तिच्यात बेचाळीस समस्यांची यादी आहे, आणि त्या यादीत वेदना, पचन, त्वचा यांच्या बरोबरीने उत्पन्न, राहते घर, लोकांशी संपर्क, शोक हेही आहे. परिचारिका समस्या नोंदवते, काय केले ते लिहिते, आणि माणसाची स्थिती ठराविक पट्टीवर पुन्हा मोजते. यादी कुणी केली यावर नोंदीत काय दिसेल हे ठरते. तिथे ती परिचारिकांनी केली, म्हणून एकटेपणाला रकाना मिळाला. आपल्याकडे डिजिटल मिशनच्या रचनेत नोंद निर्माण करणारी ती नोंदणीकृत आरोग्यसंस्था: रुग्णालय, दवाखाना, प्रयोगशाळा. रुग्णाला ॲपवर स्वतःची कागदपत्रे चढवता येतात, हे खरे. पण कागदाचा फोटो संगणकाला वाचता-जुळवता येईल अशी नोंद होत नाही.

५. ओटीपी मुलाच्या फोनवर, मग संमती कुणाची?

डिजिटल मिशनचा पाया संमतीवर आहे, आणि तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. व्यवहारात आजींच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा असतो. ओटीपी पुण्यात वाजतो, आजी पाटणला असतात. मुलगा 'ओके' दाबतो आणि कागदोपत्री आजींची संमती होते.

यावर मिळणारे उत्तर ठरलेले आहे: आपल्याकडे कुटुंबच काळजी घेते, घरात कसली गोपनीयता? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण कुटुंबाला बाहेर ठेवून वृद्धाची काळजी घेताच येत नाही. सुनेला गोळ्यांची यादी दिसली नाही तर यादीचा उपयोग शून्य. पण काय दिसावे आणि कुणाला, हे ठरवण्याचा हक्क आजींचाच आहे. 'विसर पडतो' या एका नोंदीचा अर्थ जमिनीच्या वाटणीत, मृत्युपत्राच्या वादात, बँकेच्या खात्यावर सही करताना फार वेगळा होतो. घरात मारहाण किंवा उपासमार होत असेल, तर ती आशाताईंना सांगितलेली गोष्ट त्याच घरातल्या फोनवर दिसता कामा नये. गोळ्यांची यादी दिसावी, पण घरातल्या त्रासाविषयी सांगितलेले दिसू नये, असे पदर नोंदीत हवेत.

कायद्यात यासाठी जागा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मृत्यू किंवा असमर्थतेच्या प्रसंगी आपल्या वतीने हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याचा अधिकार दिला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आहे. म्हणजे माणूस शुद्धीत, धडधाकट असताना विचारता येते: 'तुमच्या वतीने कुणी पाहायचे? मुलाने, मुलीने, की शेजारच्या ताईंनी?' कार्ड काढतानाच हा प्रश्न विचारावा आणि उत्तर नोंदीत पहिल्या पानावर यावे. अनेक आजी मुलीचे नाव सांगतील असा माझा अंदाज आहे, आणि आज ओटीपी जातो मुलाकडे.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आशा आणि एएनएम आधीच रजिस्टरांखाली आणि ॲपांखाली दबल्या आहेत, त्यांच्यावर आणखी ओझे कशाला? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच माझी मागणी नव्या ॲपची नाही. वहीत लिहून पुन्हा पोर्टलवर चढवायचे, हा दुहेरी व्याप लेखी आदेशाने बंद झाला पाहिजे. घरभेटीत एकदा लिहिले की अहवाल त्यातून आपोआप निघावा. अहवालासाठी वेगळे लिहिणे नको. आणि वृद्धाच्या घरी दिलेल्या भेटीचा मोबदला आशेला बाळंतपणाच्या कामासारखाच नियमाने मिळावा. ते करायची तयारी नसेल, तर डिजिटल नोंदीचा विषय काढूच नये.

दुसरा: कागदाची फाईल काय वाईट आहे? ती माणसाजवळ राहते, चार्ज करावी लागत नाही, कुणालाही वाचता येते. कागदाचे हे तिन्ही गुण नव्या नोंदीत उतरले पाहिजेत. गोळ्यांची चालू यादी मोठ्या मराठी अक्षरांत छापून कपाटाच्या दारावर चिकटवता यावी. पण दोन महिने मोठ्याकडे, दोन महिने धाकट्याकडे अशी ज्यांची वर्षाची वाटणी होते, त्यांची फाईल नेहमी दुसऱ्या घरी राहिलेली असते. कोकणातल्या घरात एका पावसाळ्यात कागदाचा लगदा होतो. आणि कागद दोन गोळ्यांतला झगडा दाखवत नाही.

तिसरा आक्षेप असा की आधी रुग्णालये पूर्ण होऊ देत, मग घरापर्यंत येऊ. रेंजचे कारणही यातच येते, पण ते लंगडे आहे. रेंज नसताना भरून नंतर जोडता येणारी साधने केव्हाच रूढ झाली आहेत. खरी अडचण अशी की रुग्णालयाच्या सोयीने बांधलेली यंत्रणा एकदा पक्की झाली की तिच्यात घर नंतर घुसवता येत नाही. अमेरिकेत नेमके तेच झाले.

७. सुरुवात कुठून, मोजायचे काय

सुरुवात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून करावी. मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या तरुण ओढून नेलेले हे जिल्हे. २०११ च्या जनगणनेत राज्यात फक्त या दोनच जिल्ह्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त होत्या. मागे राहिलेल्या कित्येक घरांत एकट्या वयस्कर बाया आहेत, आणि त्यांची खबर घ्यायला धडपडणारी मुले विरार-डोंबिवलीत. घर, उपकेंद्र आणि दूरचे कुटुंब अशा तिघांनी मिळून वाचायच्या नोंदीची गरज इथल्याइतकी निकडीची क्वचितच कुठे असेल.

यशाची मोजणीही बदलावी लागेल. किती आभा निघाले, किती कार्डे वाटली, हे आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावरून उतरवावेत आणि चार वेगळे आकडे मागावेत. डिस्चार्ज झालेल्या वृद्धांपैकी किती जणांची माहिती आठवड्याच्या आत उपकेंद्राला पोचली? किती जणांच्या पिशवीतली यादी गेल्या तीन महिन्यांत घरी बसून तपासली गेली, आणि त्यातून किती गोळ्या बंद झाल्या? 'तोल जातो' असे ज्यांनी सांगितले त्यांच्यापैकी किती जणांकडे पुन्हा कुणी गेले? आणि किती वृद्धांनी आपल्या वतीने नोंद पाहणारी व्यक्ती स्वतः निवडली? चौथा आकडा सोडला, तर हे सारे आजच्या कर्मचाऱ्यांकडून, आजच्या फॉर्मवरून, पुढच्या तिमाहीत मागता येण्याजोगे आहे.